मेव्हिस प्रीसने आभार मानले नाहीत

ब्रॅडहोप गावात दुकानदाराने पाव हातात ठेवला की गिऱ्हाईक थँक्यू म्हणतं, गिऱ्हाइकाने तो घेतला म्हणून दुकानदार थँक्यू म्हणतो, आणि मागे उभा असलेला तिसरा, ज्याचा या पावाशी काडीचा संबंध नाही, तोही वाट मोकळी झाली म्हणून थँक्यू म्हणून घेतो. पायावर पाय पडला तर ज्याचा पाय चेंगरला तोच आधी माफी मागतो. अशा गावात मेव्हिस प्रीस चौसष्ट वर्षं राहिली. तिच्या तोंडून थँक्यू ऐकल्याचं शपथेवर सांगतील अशी माणसं दोनच होती. एक तिचा नवरा लेन आणि दुसरी गावची सुईण, आणि दोघंही आता चर्चच्या मागे शेजारी शेजारी झोपलीत.

तिला कुणी उर्मट म्हणायचं, कुणी कडू. पण मुळात हे आलं कुठून ते गावाने कधी विचारलं नाही. चौदाव्या वर्षी ती टेकडीवरच्या मोठ्या बंगल्यात धुण्याच्या कामाला लागली. तिथे नाताळात बाईसाहेब सगळ्या मोलकरणींना रांगेत उभं करून प्रत्येकीला काळ्या कापडाचा एक तुकडा भेट देत. त्या कापडाचा गणवेश मोलकरणीने आपल्या सुट्टीच्या दिवशी शिवायचा आणि वर्षभर बंगल्यातच घालून राबायचं. पोरी एकेक करून गुडघा वाकवून "थँक्यू मॅडम" म्हणत पुढे सरकत होत्या. मेव्हिसची पाळी आली. ती कापड उलटसुलट बघून म्हणाली, "हा तर तुमचाच गणवेश. घोडा खोगिराबद्दल आभार मानतो का?"

दुपारचं जेवण व्हायच्या आत ती रस्त्यावर होती. त्या दिवसापासून तिने एक नेम केला: कुणी काही दिलं की आधी बघायचं, ते मुळात कुणाचं होतं.

आता किल्ल्याचं. कारण मेव्हिसची गोष्ट किल्ल्याशिवाय सांगता येत नाही, आणि किल्ल्याची गोष्ट मेव्हिसशिवाय सांगतात ती निम्मी खोटी असते.

नऊशे वर्षांपूर्वी नॉर्मन लोक फ्रान्सहून समुद्र ओलांडून इंग्लंडात आले, तेव्हा त्यांच्यातला फुल्क नावाचा एक सरदार इथे नदीच्या वळणावर थांबला. जागा त्याला आवडली. जागेवर सत्तावीस घरं होती, ती आवडली नाहीत. त्याने घरं पाडली आणि ज्यांची पाडली त्यांच्याच हातात फावडी देऊन खंदक खणून घेतला. खंदकातली माती मध्ये ओतून टेकाड रचलं, त्यावर लाकडी मनोरा ठोकला. पुढे नातवाला दगडी बांधकामाची हौस आली. पण ओतीव माती दगडाचं ओझं पेलेना, तेव्हा बालेकिल्ला खाली पटांगणात उभा राहिला. भिंती नऊ फूट जाड. दार पहिल्या मजल्यावर, म्हणजे कुणी "आमचं घर कुठं गेलं" असं विचारायला आलंच तर जिना ओढून घेता यावा. भिंतीत बसवलेल्या शौचकूपाचं तोंड बाहेर, बरोबर गावाच्या बाजूला. किल्ल्याच्या पुस्तिकेत या साऱ्याला "संरक्षणाची दूरदृष्टी" असं म्हटलंय. गावाला ती दूरदृष्टी तीनशे वर्षं नाकाने कळत होती.

भोवतालचा तट मात्र बघण्यासारखा. दगड आडवे न ठेवता तिरपे, एक थर डावीकडे कललेला, वरचा उजवीकडे, माशाच्या काट्यासारखे. आणि त्या तटात खांद्याच्या उंचीवर ओळीने चौकोनी भोकं. भिंत वाढत जाते तसे गवंड्याला उभं राहायला वासे लागतात. ते भिंतीतच खोचायचे आणि काम संपलं की उपटायचे. भोकं राहतात. लेन प्रीस स्वतः गवंडी होता. तो म्हणायचा, "बांधणाऱ्याची खरी खूण म्हणजे ही भोकं. फुल्कच्या हाताची एक तरी खूण दाखव मला."

शेवटी राजा आणि पार्लमेंट यांची जुंपली, तेव्हा पार्लमेंटच्या सैन्याने सुरुंग लावून बालेकिल्ल्याचा एक कोपरा उडवून दिला. गावकऱ्यांनी मुकाट्याने दगड गोळा केले आणि तटाला पाठ टेकवून बावीस घरांची ओळ बांधली. तीच कॅसल रो. "सत्तावीस पाडली, बावीस मिळाली," मेव्हिस म्हणायची, "पाच अजून यायचीत." तिच्या सात नंबरच्या स्वयंपाकघराच्या दारावर फुल्कच्या देवघराच्या कमानीतला एक दगड बसलाय, त्यावर नागमोडी, करवतीच्या दातांसारखी नक्षी. त्या दगडाखालून ती रोज कोळशाची बादली घेऊन जा-ये करायची. तट पाठीला चिकटलेला म्हणून या घरांना परसदार नाही. धुणं वाळवायची जागा एकच: तटातल्या चोरदरवाजातून आत जायचं, किल्ल्याच्या पटांगणात. प्रत्येक घराचं एक भोक ठरलेलं. भोकात ॲश झाडाच्या चिवट लाकडाची खुंटी ठोकायची, खुंटीला दोर, आणि दोराचं दुसरं टोक समोरच्या पडक्या देवडीच्या दगडाभोवती. दर सोमवारी. घरात रविवारच्या भाजलेल्या मटणाचे थंडगार तुकडे लोणच्याबरोबर खायचे, कारण सोमवारी चूल धुण्याच्या पाण्याला. आणि पटांगणात बावीस दोरांवर गावाच्या चादरी.

लेन गेल्यावर मेव्हिसने पोटासाठी पबचे टेबलक्लॉथ आणि क्रिकेट क्लबचे पांढरे कपडे धुवायला घेतले. म्हणजे तो दोर नुसता दोर नव्हता, तिचा संसार त्यावर लटकत होता.

मग किल्ला जुन्या वास्तू जपणाऱ्या एका ट्रस्टकडे गेला आणि ट्रस्टबरोबर मिस्टर ऑलसॉप आले. वास्तुकलेचे जाणकार. उंच, मऊ आवाजाचे, कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेला कोट. ठिगळं कोट फाटला म्हणून नव्हती, फाटल्यासारखा वाटावा म्हणून होती. त्यांनी किल्ल्यावर पुस्तिका लिहिली. देवडीच्या दगडांवर पडलेल्या बावीस गुळगुळीत खाचांबद्दल त्यात असं होतं की "फुल्कच्या वंशजांच्या निशाणांचे दोर किमान दोनशे वर्षं घासले गेल्याशिवाय एवढ्या खोल खाचा पडणार नाहीत."

मेव्हिसने पुस्तिका पबमध्ये उभ्या उभ्या वाचली. "निशाणं?" ती म्हणाली. "माझ्या आज्जीचे परकर होते ते."

एक्क्याऐंशी सालच्या वसंतात कॅसल रोच्या प्रत्येक दारात एक पाकीट आणि प्लमच्या मुरंब्याची एक बरणी आली. पाकिटात किल्ल्याचं रंगीत कार्ड आणि पत्र. पत्रात लिहिलं होतं: आपण आमच्या पटांगणात कपडे वाळवता याचा ट्रस्टला फार आनंद आहे, ही सुंदर प्रथा आपण आमच्या परवानगीने यापुढेही चालू ठेवावी.

शेजारच्या आठ नंबरची डोरीन टिपटन बरणी छातीशी धरून आली. "बघितलंस? किती मनाचा मोठा माणूस!"

"डोरीन, पुन्हा वाच. आमच्या पटांगणात. आमच्या परवानगीने."

"अगं, बोलायची पद्धत असते शिकलेल्यांची."

"माझ्या आज्जीने कुणाला विचारलं होतं? तुझ्या आज्जीने? आणि आता हा गडी आपल्याला आपलीच चादर वाळवायला मुभा देतोय."

"मुरंबाही दिलाय ना पण!"

"मुरंबा नाही तो, फर्मान आहे. साखरेत घोळवलेलं."

डोरीनचा चेहरा पडला. "तुला ना मेव्हिस, कुणी प्रेमाने चहा दिला तरी त्यात विष दिसतं. मी आजच आभाराचं कार्ड टाकणार आहे. सगळ्याच टाकणार आहोत. तू नाही टाकलंस तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"मीही लिहिणारच आहे," मेव्हिस म्हणाली.

डोरीनला हायसं वाटलं. मेव्हिस काय लिहिणार ते मात्र तिने विचारलं नाही, कारण दुसऱ्याच्या पत्रातलं विचारणं असभ्यपणाचं. मेव्हिसने त्याच किल्ल्याच्या कार्डाच्या मागे उत्तर लिहिलं, बरणी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दोन्ही ट्रस्टच्या कचेरीत जाऊन टेबलावर ठेवून आली. आठवड्याने ट्रस्टच्या कागदावर ऑलसॉपसाहेबांच्या सहीचं उत्तर आलं. ते तिने वाचलं, हसली, आणि चहाच्या डब्याखाली सरकवलं.

तीन वर्षं सोमवार येत गेले. चौऱ्याऐंशी साली ट्रस्टला पटांगणात मेजवान्या भरवायची कल्पना सुचली. लोकांनी तिकीट काढून यायचं, हाताने कोंबडी फाडून खायची, लाकडी पेल्यातून बिअर प्यायची आणि आपण फुल्क आहोत असं समजून घरी जायचं. फुल्कने पाडलेल्या घरातला माणूस आपण आहोत, असं समजून घ्यायला कुणी तिकीट काढत नाही. चोरदरवाजावर पाटी लागली: कपडे वाळवण्याची परवानगी मागे घेण्यात येत आहे.

बायकांचं शिष्टमंडळ कचेरीत गेलं. ऑलसॉपसाहेबांनी सगळ्यांना बिस्किटं दिली.

"मला मनापासून वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण समजून घ्या, चादरींमुळे मध्ययुगीन वातावरणाला बाधा येते."

"फुल्कची बायको चड्ड्या धुवत नव्हती का?" मेव्हिसने विचारलं.

"मिसेस प्रीस, तो फार गुंतागुंतीचा प्रश्न आहे."

"कशाचा? धुतल्या असतील तर वाळवल्याही असतील. का ओल्याच घालून लढायला जायचा?"

बाकीच्या बायकांनी बिस्किटांबद्दल आभार मानले आणि मेव्हिसबद्दल माफी मागितली.

पण घरात चादरी वाळेनात. खिडक्यांवर बुरशी धरली, डोरीनच्या नातवंडांना खोकला लागला, आणि क्रिकेट क्लबने मेव्हिसला कळवलं की ओलसर वासाच्या पॅंट घालून खेळता येत नाही, दुसरं कुणीतरी बघू. तेव्हा मात्र कॅसल रोने वाळवण्याच्या हक्कासाठी अर्ज केला. सरकारकडून चौकशी अधिकारी आले. मिस्टर पिल्बीम, बुटके, कोरड्या चेहऱ्याचे, स्वतःच्या डब्यातलं सँडविच खाणारे. मेथडिस्ट पंथाच्या सभागृहात चौकशी बसली.

प्रश्न सोपा होता. लोक एखाद्या जागेचा वापर पिढ्यान्पिढ्या कुणालाही न विचारता, उघडपणे करत आले असतील तर तो त्यांचा हक्क. पण मालकाच्या परवानगीने करत असतील तर ती मेहरबानी, आणि मेहरबानी कधीही मागे घेता येते.

पहिला दिवस गावाचा गेला. पिल्बीम सगळ्यांना घेऊन पटांगणात आले, देवडीपाशी वाकले आणि खाचेत बोट घालून बघितलं. मग ऑलसॉपसाहेबांची पुस्तिका उघडली.

"दोनशे वर्षांचे दोर, असं तुम्हीच लिहिलंय."

"निशाणांचे," ऑलसॉप म्हणाले.

"बावीस निशाणं? माणसाच्या खांद्याच्या उंचीवर? आणि समोर बरोबर बावीस भोकं, बावीस घरांची?"

"सरदार बुटका असेल," मेव्हिस म्हणाली. मग पिल्बीमकडे बघून, "तुम्हाला उद्देशून नाही."

"समजलं," पिल्बीम म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. ऑलसॉपसाहेब खाचांकडे अशा नजरेने बघत होते, जणू त्यांनीच विश्वासघात केलाय.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या वकिलाने हिरवी फाईल टेबलावर ठेवली. वकील तरुण, गुळगुळीत. त्याने डोरीनला पुढे बोलावलं.

"मिसेस टिपटन, हे अक्षर तुमचं?"

"हो, माझंच. फुलांचं कार्ड आहे."

"वाचाल?"

डोरीनने चष्मा लावला. "प्रिय मिस्टर ऑलसॉप, आपण दिलेल्या परवानगीबद्दल आणि स्वादिष्ट मुरंब्याबद्दल मनापासून आभार..." तिचा आवाज मधेच बारीक झाला.

"परवानगीबद्दल. म्हणजे ती परवानगी होती, हे तुम्हाला मान्य होतं."

"अहो, तसं म्हणायची पद्धत असते! त्यांनी मुरंबा पाठवला होता. उत्तर न देणं बरं दिसलं असतं का?"

"आणखी काही विचारायचं नाही. थँक्यू."

"थँक्यू," डोरीन म्हणाली, आणि खाली बसल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते.

वकिलाने एकेक कार्ड काढलं. फुलांची, मांजरांची, एक तर ईस्टरच्या सशाचं. प्रत्येकात आभार. सभागृहात बायका माना खाली घालून बसल्या. आयुष्यभर ज्या गुणाचा अभिमान बाळगला, त्याच गुणाने चादरी गेल्या होत्या. आणि बंगल्यातल्या त्या रांगेत गुडघा वाकवणाऱ्या पोरींच्या लेकी-सुना त्याच रांगेत बसल्या होत्या, हे फक्त एकीला दिसत होतं.

"एकवीस," पिल्बीम म्हणाले. "घरं बावीस."

वकील थोडा चुळबुळला. "सात नंबरचं आभाराचं कार्ड नाही. मिसेस प्रीस यांचा स्वभाव गावात सर्वांना माहीत आहे. आभार मानायचे राहून गेले, एवढाच त्याचा अर्थ."

मेव्हिस उठली. "राहून नाही गेले. मी पत्र दिलंय. तुमच्या टेबलावर ठेवलंय माझ्या हाताने. बरणीसकट."

"फाईलमध्ये असेल तर काढा," पिल्बीम म्हणाले.

इथे ट्रस्टचा एक गुण नोंदवायला हवा: ट्रस्ट कुठलाच कागद फेकत नाही. वकिलाने ऑलसॉपसाहेबांकडे बघितलं, ऑलसॉपसाहेबांनी छताकडे. शेवटी फाईलच्या तळातून कार्ड निघालं. पिल्बीमनी ते स्वतः वाचलं, कोरड्या आवाजात, एकही शब्द न गाळता.

"साहेब, मी परवानगी मागितली नव्हती, म्हणून ती परत करते. बरणीही परत करते. साखर कमी आहे. पटांगणात माझा दोर माझ्या आज्जीपासून आहे आणि तुमचा मुरंबा गेल्या मंगळवारपासून. धुणं सोमवारी पडेल. एम. प्रीस, सात नंबर."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि लगेच माफी मागितली.

"यावर उत्तर दिलं होतं?" पिल्बीमनी विचारलं.

"आठवत नाही," ऑलसॉप म्हणाले.

"मला आठवतं." मेव्हिसने पर्समधून चहाचा डाग पडलेला कागद काढला. पिल्बीमनी तोही वाचला.

"प्रिय मिसेस प्रीस, आपल्या पत्राबद्दल मनापासून आभार. आपल्या भावना आम्हाला समजल्या. आपला, पी. ऑलसॉप." त्यांनी कागद खाली ठेवला आणि वकिलाकडे बघितलं. "आभार मानणारा समोरच्याचं म्हणणं मान्य करतो, असं तुम्ही सकाळपासून मला एकवीस वेळा सांगितलंत."

"महोदय, ती केवळ रीत आहे! पत्राचं उत्तर म्हणून सगळेच तसं लिहितात!"

"हो," पिल्बीम म्हणाले. "मिसेस टिपटनही हेच म्हणाल्या होत्या."

निकाल महिन्याने आला. एकवीस घरांनी परवानगी लेखी मान्य केली होती, त्यांच्याबाबत अधिकाऱ्यांचा नाइलाज होता. कायदा त्या फुलांच्या कार्डांपुढे हतबल होता म्हणे, नॉर्मन तटापुढेही एवढा झाला नसता. सात नंबरचा हक्क मात्र अबाधित: दर सोमवारी, एक दोर, तटातल्या भोकापासून देवडीच्या दगडापर्यंत, कायमचा.

त्या संध्याकाळी डोरीन आली. दारातच उभी राहिली, नक्षीच्या दगडाखाली.

"तुझं बरं झालं," ती म्हणाली. "खरंच. तुझं काम तरी राहिलं." आणि मग तोंड फिरवून, "आम्ही मूर्खच."

"मूर्ख नाही. शिस्तीत वाढवलेल्या." मेव्हिसने निकालाचा कागद तिच्यापुढे टाकला. "वाच. काय लिहिलंय?"

"एक दोर."

"किती लांब?"

डोरीनने दोनदा वाचलं. "लिहिलं नाहीये."

"आणि कुणाचे कपडे?"

"तेही नाही..." तिने वर बघितलं. मेव्हिसचं बोट दारावरच्या दगडावर होतं, त्या करवतीच्या दातांवर. खाली, वर, खाली, वर, एकच रेघ, कुठेही न तुटलेली.

सोमवारी सकाळी ऑलसॉपसाहेब पटांगणात आले तेव्हा दोर एकच होता. सात नंबरच्या भोकातून निघालेला, देवडीच्या दगडाला वळसा घालून आठच्या खुंटीवर, तिथून परत देवडी, मग नऊ, असा पार बावीसपर्यंत, आणि उलटा फिरून सहापासून एकपर्यंत; शेवटचं टोक निकालात होतं तसं देवडीच्याच दगडाला. क्रिकेट क्लबच्या परत आलेल्या पॅंट, पबचे टेबलक्लॉथ आणि मधे सबंध कॅसल रोच्या चादरी. साहेब निकालाचा कागद हातात घेऊन दोराच्या बाजूने गाठ शोधत चालत गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही जोड सापडला नाही. दोर लेनच्या जुन्या परांचीवरून आणलेला, गवंड्यांचा, अखंड होता.

डोरीन शेवटचा चिमटा लावून मागे सरकली. डोळे भरून आले होते. तिने मेव्हिसचा हात धरला.

"मेव्हिस, थँ..."

"तोंड आवर!" मेव्हिस खेकसली. "साहेब ऐकतायत. एकदा म्हणालीस ते पुरे नाही झालं?"

डोरीनने ओठ घट्ट मिटले. मग इकडे तिकडे बघितलं, बादली उचलली आणि जन्मात पहिल्यांदाच, काहीही न म्हणता, सरळ घरी निघून गेली.